आत्याचा उजवा हात

माझ्या आत्याला स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलेलं नाही. बावीस वर्षं तिने लाँड्रीत उभ्याने इस्त्री केली. घरी खुर्ची दिसली तरी ती आधी तिच्यावरची चादर सारखी करते. प्रार्थनासुद्धा भांडल्यासारखी करते, "तुला किती वेळा सांगायचं" इथपासून सुरुवात. गेल्या वर्षी तिचा उजवा खांदा धरला. मग इस्त्री डाव्या हाताने आणि वेणी माझ्याकडे.

एका रविवारी चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी प्रार्थना झाली. पाळकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत्याचा हात सरळ डोक्याच्या वर गेला. मी शेजारीच होते, नाही म्हणणार नाही. ती रडली, मीही रडले. पुढच्या रविवारी पाळकांनी तिला साक्ष द्यायला पुढे बोलावलं, आणि मग दर रविवारी बोलावू लागले. आत्या हात वर करायची, लोक देवाची स्तुती करायचे.

तिसऱ्या आठवड्यात खांदा पुन्हा धरला. हे फक्त मला ठाऊक, कारण वेणी परत माझ्याकडे आली. पण रविवारी ती न्याहारीनंतर दुखण्याच्या दोन गोळ्या घ्यायची आणि दात आवळून हात वर न्यायची. हा चमत्कार की गोळी, असं मी एकदा विचारलं, तर तिने मला असं झापलं की दोन दिवस आमचा अबोला. देवाची लाज जाईल, असं तिचं म्हणणं. हिला स्वतःच्याच लाजेची भीती आहे, असं मला वाटायचं. दोन्ही असावं.

आमच्या खाली बेकरी आहे. बेकरीवाली आमच्याच चर्चमधली, तिला लहानपणापासून फिट यायची. रोजच्या गोळीमुळे सहा वर्षं आली नव्हती. एका गुरुवारी आम्ही पाव घ्यायला गेलो, तर पेटलेल्या भट्टीतून ट्रे ओढता ओढता तिने सहज सांगितलं, की दहा दिवसांपासून गोळी बंद आहे. आत्याचा हात पाहिल्यावर गोळी घेणं म्हणजे देवावर शंका घेणं, असं तिचं म्हणणं. आत्याने तिला परोपरीने विनवलं. ती हसली.

"आत्या, तुमचा हात वर जातो ना? मग मला का अडवता?"

तेव्हाच खरं सांगून टाकायचं, पण आत्या पाव घेऊन तशीच जिना चढली. पुढचे दोन दिवस तिने घर डोक्यावर घेतलं. धुतलेल्या चादरी पुन्हा धुतल्या. दर तासाला काहीतरी निमित्त काढून खाली जायची, भट्टीकडे बघून वर यायची. मी सांगते म्हटलं, तर हात माझा आहे, तू गप्प बस, म्हणाली. खाली काही पडल्याचा आवाज आला की मीही खिडकीकडे धावायचे.

रविवारी तिने गोळ्या घेतल्या नाहीत, पर्समध्ये टाकल्या. बोलावल्यावर पुढे गेली. हात उचलला, तो छातीपर्यंत आला आणि थांबला. सगळे वाट बघत राहिले. पाळक हळूच म्हणाले, "विश्वास ठेवा."

"ठेवलाय," आत्या म्हणाली. "हात जात नाही."

मग तिने पर्समधून गोळ्या काढल्या, पाळकांच्याच ग्लासातलं पाणी घेऊन सर्वांसमोर गिळल्या. गेले कित्येक रविवार मी या खाऊन येत होते, एवढं सांगून जागेवर येऊन बसली. बेकरीवाली तेवढी उठून निघून गेली.

सोमवारी कामावर जायच्या आधी आत्या बेकरीत हजर, मागे मी. बेकरीवालीने पाठ फिरवली. आत्या भट्टीच्या धगीत घामाघूम झाली, तरी हलेना. अखेर बेकरीवाली वळली. डोळे सुजलेले होते.

"पहिल्या दिवशी हात वर गेला, तोही खोटाच?"

"नाही. तो देवाने नेला. नंतरचे मी नेले," आत्या म्हणाली. "तो एकदाच करून थांबला, तर लोक त्याला काय म्हणतील, अशी भीती वाटली मला. त्याला सांभाळून घ्यायला निघाले होते मी."

बेकरीवाली बराच वेळ पीठ मळत राहिली. मग म्हणाली, डबा वरच्या फळीवर आहे. आत्या टाचा उंचावून उभी राहिली, पण तिचा हात पोचेना. ते बघून बेकरीवालीने कणीक बाजूला सारली आणि स्वतःचा हात वर करून गोळ्यांचा डबा काढला.