शाई कोणी भरली?

गुरांच्या दवाखान्यातला एक किस्सा काढला की त्याच्या शेपटीला धरून दुसरा येतो. अन् प्रत्येक वेळी माझं डोकं नव्यानं तापतं!

साठ सालाच्या आधीची गोष्ट. आर्णीकडच्या एका खेड्यात मी दवाखाना झाडायला लागले. डॉक्टरसाहेबांना शोधायचं होतं, म्हशी गाभण का राहत नाहीत. म्हशीची गर्भपिशवी कुठून मिळणार? म्हणून शेळीची आणायची, तिच्या केसाहून बारीक रक्तनळ्यांत निळी शाई भरायची अन् पातळ काप मायक्रोस्कोपखाली बघायचा.

पिशवी आणायला खाटकाकडे कोण जाणार? मी! तो दात काढून म्हणतो, "बाई, भाजीले हे कायले नेता?"

"काहून? तुले जेवाले बोलावू काय?"

*

शाईत जिलेटिन असायचं. गार झालं की गोठायचं. साहेब जोर लावायचे, नळ्या फुटायच्या. टेबल निळं, शर्ट निळा. महिनाभर हेच!

शेवटी मी बोलले, "साहेब, पिशवीच गार हाय, तं शाई पुढं जाईन कशी? आधी तिले कोमट पाण्यात ठेवा."

"तू किती शिकलीस गं?"

"शाळा नाही पाह्यली. पण तूप कवा गोठते ते समजते!"

ठेवली. शाई टोकापर्यंत गेली. साहेब म्हणाले, "मला वाटलंच होतं."

वाटलंच होतं म्हणे!

*

मग शाई भरायचं काम माझ्याच गळ्यात. अक्षरं मी औषधाच्या बाटल्यांवरून गिरवली होती. स्लाइडच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'कौसाबाईनं भरली.' कंपाउंडरनं ब्लेडनं खरडलं. मी पुन्हा लिहिलं. त्यानं पुन्हा खरडलं. शेवटी काच फुटली.

बोलणी कोणाला? मलाच!

*

साहेबांनी चित्र काढलं. नळी पट्टीनं आखल्यासारखी सरळ. मी भिंगातून पाहिलं. "साहेब, हे तं वेलीवानी वळसे घेऊन राह्यली!"

"बाईमाणसानं मायक्रोस्कोपला हात लावू नये."

दुसऱ्या दिवशी चित्रात वळसे आले. खाली सही साहेबांची.

*

अन् मग नागपूरहून मोठे साहेब आले. भिंगाला डोळा लावला तो काढेचनात. "वा! इतकी सुंदर शाई कोणी भरली?"

"मीच," आमचे साहेब म्हणाले. माझ्या देखत!

"मग आत्ता एक भरून दाखवा की."

ताजी पिशवी ताटात होती, थंडगार. साहेबांनी सिरिंज उचलली. ठेवली. पुन्हा उचलली. कपाळावर घाम. शेवटी हळूच म्हणाले, "कौसाबाई, जरा कोमट पाणी आणता का?"

आयुष्यात पहिल्यांदा अहो-जाहो!

आणलं. पेल्यात, खाली बशी ठेवून.

"घ्या साहेब. घसा कोरडा पडला असन."