माझ्या हातचा नमुना

मी पाण्याचे नमुने गोळा करायचो. पाणी प्रदूषणाचा कायदा तेव्हा नवाकोरा होता आणि खातं त्याहून नवं. औरंगाबादला दोन खोल्यांचं ऑफिस, एक जुनी जीप, जी बहुतेक वेळा मोठ्या साहेबांकडेच असायची, आणि नुकतीच बी.एस्सी. झालेली आम्ही काही पोरं. कारखान्याच्या नाल्याचं, तेलाच्या डेपोजवळच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरायचं, लाखेनं बंद करायचं आणि प्रयोगशाळेत पोचवायचं. पदाचं नाव भारदस्त होतं, काम बाटल्या सांभाळायचं.

मंठ्याला घरी गेलो की आई शेजारणींना सांगायची, "पोरगा सरकारात पाणी पाहतो." मग माणसं येऊन विचारायची, आमच्या वावरात पाणी कुठं लागेल. मी पाणाड्या नाही हे पटवता पटवता माझं डोकं फिरायचं. एकानं तर नारळच आणून हातात दिला. आई म्हणाली, "ठेव की तळहातावर, तुझं काय जातं?" मी चिडलो, पण ठेवला. नारळ काही उभा राहिला नाही, आणि त्या माणसाचा शिक्षणावरचा विश्वास उडाला.

पण आतून मला त्या कामाचं वेड होतं. छप्पन साली वडलांनी धम्म स्वीकारला तेव्हा मी लहान होतो. शिकायचं, हे आमच्या घरात त्या दिवसापासून ठरूनच गेलं. आणि आता मी भरलेल्या बाटलीवरून एखाद्या पैसेवाल्या मालकाला नोटीस जाऊ शकत होती. बाटलीतलं पाणी कुणाची जात बघत नाही, भीडभाड ठेवत नाही. त्या वयात मला ही फार मोठी गोष्ट वाटायची. अजूनही वाटते.

तेव्हा जालना जिल्हा वेगळा नव्हता. बदनापूरजवळ रेल्वेलाईनच्या कडेला एका गावाशेजारी डिझेलचा खासगी डेपो होता. मोठा दुष्काळ सरला होता, गावोगाव इंजिनं बसत होती, त्यामुळे डिझेलला मरणाची मागणी होती. डेपोची टाकी जमिनीत पुरलेली होती. तिथून उताराला गावाची विहीर. तिच्या पाण्याला डिझेलचा वास येऊ लागला म्हणून गावानं अर्ज केला आणि ऑफिसनं मला पाठवलं.

बदनापूर स्टेशनवर उतरून बाटल्यांची पेटी खांद्यावर घेऊन मी चालत गेलो. गावात माझी वाटच पाहत होते. विहीर ज्या शेतकरी घराण्याच्या पूर्वजांनी बांधली होती, त्या घरचे म्हातारे पुढे आले. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं. त्यांनी खुर्ची मागवली, कपबशीत चहा दिला.

"साहेब, निजामाच्या टायमाची विहीर हाये," ते म्हणाले. "दुष्काळात बी तळ दिसला न्हाई. आन् आता जनावरं बी तोंड लावून न्हाई राह्यली. आमच्या नातवाला तर दवाखान्यात न्यावं लागलं. काय बी करा, पण बंदोबस्त करा."

नियमाप्रमाणे मी डेपोच्या मॅनेजरला आधीच कळवलं होतं. त्याच्या समोर नमुना घ्यायचा, दोन बाटल्या भरायच्या, एक त्याच्याकडे ठेवायची, दोन्हीवर त्याची सही घ्यायची. तोही आला. टेरिलिनचा शर्ट, तोंडात पान, बोलणं अगदी गोड. मी बाटलीला दोर बांधायला घेतला तेव्हा तो आप्पांना म्हणाला, "आप्पा, साहेबांचं आडनाव विचारून घेतलं का? न्हाई, विहिरीत दोर सोडून राह्यले म्हणून म्हणलं."

आप्पांनी विचारलं. मी सांगितलं. आमच्या भागात आडनाव सांगितलं की पुढचं काही सांगावं लागत नाही.

खुर्ची आणणारा गडी खुर्चीकडे बघत उभा राहिला. आप्पांचा आवाज मात्र चढला नाही, उलट जास्तच मऊ झाला. "साहेब, तुम्ही कशाला तरास घेता? तुम्ही बसा. आमचा गडी पाणी काढून देईन, तुम्ही बाटलीत भरा."

"तसं बिलकुल चालत न्हाई," मॅनेजर लगेच म्हणाला. "साहेबानं सोताच्या हातानं काढायचं, असा कायदा हाये. गड्यानं काढलं तर मी सही करणार न्हाई. बराबर हाय ना साहेब?"

बरोबर होतं. दुसऱ्यानं काढलेला नमुना कोर्टात टिकला नसता. शिवाय डिझेल पाण्यावर तरंगतं. बादलीनं काढून बाटलीत ओतलं तर अर्धं बादलीच्या पत्र्यालाच चिकटतं. बाटली थेट पाण्याच्या पृष्ठभागावर सोडावी लागते. त्या माणसानं कायदा नीट वाचला होता आणि गाव त्याहून नीट. त्याला टाकी दुरुस्त करायची नव्हती, मला लाच द्यायची नव्हती, कुणाला धमकावायचं नव्हतं. त्याचं काम गावच फुकटात करून देणार होतं.

माझा स्वभाव तापट आहे. पेटी बंद करावी, 'प्या तुमचं डिझेल' म्हणावं आणि सरळ स्टेशन गाठावं, असं मनात आलं. चहाचा कप अजून खुर्चीपाशीच होता. त्याचं आता काय करायचं, असा प्रश्न त्यांना पडला असणार, हेही माझ्या ध्यानात आलं आणि मला फार वाईट वाटलं. लांब लिंबाखाली त्या गावच्या आमच्या समाजाच्या वस्तीतले काहीजण उभे होते. त्यांचा आड वेगळा होता, नाल्यापलीकडे, कसाबसा पुरणारा. ते नुसते माझ्याकडे बघत होते. त्यांच्यासमोर मला पाय काढता येईना.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आवाज आला. आप्पांची धाकटी सून. कडेवर लेकरू, डोक्यावरचा पदर पार कपाळापर्यंत ओढलेला. सासऱ्यासमोर, चार माणसांत बोलायची रीत नव्हती. बाजूची बाई तिला कोपरानं ढोसत होती. ती म्हणाली, "मामाजी, लेकरू ओकून ओकून हैराण झालंय. काढू द्या त्यांला."

आप्पांनी नातवाकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "काढा." आणि विहिरीकडे पाठ करून उभे राहिले.

मी काठावर गेलो. दोर बांधून बाटली खाली सोडली. बाटली पाण्याला टेकली तसा वरचा मोरपंखी तवंग फाटला आणि वास वर आला. मी दोन्ही बाटल्या भरल्या, बुचावर लाख ओतली. मॅनेजरनं पान थुंकलं आणि सही केली. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण त्याच्या तोंडाची मजा घ्यायची माझी मनःस्थिती नव्हती.

त्या नमुन्यानं काम केलं. डेपोला नोटीस गेली, टाकी उकरली गेली, तिचा फुटका जोड सापडला. विहीर पुन्हा पुन्हा उपसावी लागली. उपसायला इंजिन लावलं, तेही डिझेलचंच. काही महिन्यांनी मी पुन्हा जाऊन नमुना घेतला. या खेपेला मला कुणी अडवलं नाही. विहिरीवर कुणी नव्हतंच. मला वाटलं, लोक बदलले. मी हरखून गेलो होतो.

प्रयोगशाळेनं पाणी पिण्यालायक ठरवलं. हे सांगायला मी स्वतः जाण्याची काहीच गरज नव्हती, टपालानं कळवलं असतं तरी चाललं असतं. पण मला ते तोंडानं सांगायचं होतं. मी गेलो. आप्पांनी बसायला दिलं, चहाही दिला, या वेळी काचेच्या ग्लासात. मी म्हणालो, "आप्पा, पाणी साफ झालं. बिनघोर प्या."

आप्पांनी मान डोलावली. मग म्हणाले, "साहेब, तुमच्यावर आमचा राग न्हाई. तुम्ही लई चांगलं काम केलं, सगळ्या गावाला म्हाईत हाये. पर आता तिथं निस्ती जनावरं पेतात. आमी पलीकडच्या मळ्यातून आणतो. बायांला लांब पडतं, काय करता?"

"पण आता त्यात डिझेल नाही."

"न्हाई ना. डिझेल उपसलं की जातं," आप्पा म्हणाले. त्यांना मला टोचायचं नव्हतं. समजूत घालावी तसं सांगत होते.

मी उठलो. बाटलीतल्या पाण्यात काय काय आहे ते शोधायला मी शिकलो होतो. जे त्यात नाहीच, ते तिथं नाही हे कसं सिद्ध करायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं. स्टेशनच्या वाटेला लागलो तेव्हा ही नोकरी सोडून द्यावी असं पक्कं ठरवत होतो.

मळ्याच्या वळणावर आप्पांची सून समोरून आली. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, आणि बोट धरून चालणारं तेच लेकरू, आता चांगलं बाळसं धरलेलं. मला बघून थांबली. मला तिची लाज वाटली. हिनं तोंड उघडलं म्हणून आता गावातल्या सगळ्या बायकांना ही पायपीट. मी म्हणालो, "ताई, पाणी साफ आहे. तुमच्या सासऱ्यांना सांगितलं. पण ते ऐकत नाहीत."

तिनं मागंपुढं पाहिलं. वाटेवर कुणी नव्हतं.

"मला म्हाईत हाये, दादा," ती म्हणाली. "हे तिथलंच पाणी हाये. जनावरांची डोणी भरायला म्हणून जाते, तवाच हंडा भरून घेते. मंग मळ्याकडून फिरून येते. लेकराला हेच पाजते. घरात सगळे हेच पेतात."

"आप्पा?"

"ते बी." ती हसली नाही. "लेकराच्या बापाला बी म्हाईत न्हाई. कळलं तर मला माहेरी धाडतील, आन् लेकरू ठेवून घेतील. बोलू नका कुठं."

मी मान हलवली. तिनं पदर ओढला, लेकराला पुढे घातलं आणि गावाकडे चालू लागली, दमलेल्या बाईसारखी, लांबून आल्यासारखी.