लेप्टोसोम जावई

एका भल्या माणसाचं जमत आलेलं लग्न मी एका शब्दानं मोडलं. तेव्हा मी बावीस वर्षांची, नागपूरहून मानसशास्त्रात बी.ए. करून बालाघाटात नुकतीच सून म्हणून आलेली, आणि डोक्याला शिंगं फुटलेली. शब्द होता ‘लेप्टोसोम’.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, शेवग्याच्या शेंगेसारखी. हे गृहस्थ दार कितीही रुंद असो, अंग तिरकं करूनच आत शिरायचे. माझी नणंद सुशी, तिला पाहायला आले तेव्हाही आपल्या मामाच्या मागून तसेच शिरले. राईस मिलमध्ये काट्यावर धान मोजायची नोकरी. पोहे अर्धे ठेवले आणि तासाभरात तोंडातून अक्षर काढलं नाही. सुशीच्या हातून पाणी घेताना मात्र कानापर्यंत लाल झाले. मी ते पाहिलं. पण पुस्तकात नव्हतं, म्हणून सोडून दिलं.

पाहुणे गेल्यावर मी पुस्तक काढलं. कुण्या जुन्या जर्मन डॉक्टरानं माणसांचे साचे पाडले होते. त्यातला बारीक हाडाचा, चपट्या छातीचा, तो लेप्टोसोम. बाकी जगानं तो शब्द कधीच टाकून दिला होता, पण आमच्या कॉलेजपर्यंत ती बातमी पोचायची होती.

“हा कोणता रोग हाये, सूनबाई?” सासऱ्यांनी विचारलं. त्यांना आम्ही मामाजी म्हणायचो.

“रोग नाही, मामाजी. स्वभाव. ही माणसं आतल्या आत राहतात. बायकोला जीव लावत नाहीत. छातीही नाजूक असते.”

मामाजींनी फक्त छाती ऐकली. ‘यंदा कर्तव्य नाही’ असा निरोप गेला. सुशी माझ्याशी बोलेनाशी झाली. पुढच्या दोन स्थळांना तिनं सरळ नाही म्हटलं. काहून, ते कुणाला सांगितलं नाही. मी आपली पुस्तकात तिचा साचा शोधत बसले.

वर्षभरानं घरचं धान घेऊन मी मिलवर गेले. हमालांच्या घोळक्यात हेच गृहस्थ, आणि तोंडाला खंड नाही! एकाच्या सासूची नक्कल, दुसऱ्याच्या बिडीवरून टोमणा, आणि सगळी मिल हसतेय.

मी म्हटलं, “अहो, आमच्या घरी तर तुम्ही मुके होता!”

“मामानं बजावलं होतं, वहिनी. ‘तोंड उघडशील तर पोरगी हातची जाईन.’” काट्यावरची नजर न काढता ते म्हणाले, “नाही उघडलं. तरी गेलीच.”

मग पोतं उतरल्यावर हळूच, “बऱ्या हायेत ना त्या?”

मला धान किती भरलं तेही ऐकू आलं नाही. घरी येऊन मामाजींसमोर सगळं कबूल केलं. ते म्हणाले, “बी.ए.ले इतकं शिकवते, तं एम.ए.ले काय करते?” वैशाखात बुद्धविहारात दोघांचं लग्न लागलं.

माझा शब्द जावईबापूंना कळला, कोणी सांगितला कुणास ठाऊक. त्यांनी तो मनाला लावून घेतला नाही, मिरवला. भरल्या टेम्पोत चढताना म्हणायचे, “सरका जरा, आमी लेप्टोसोम. आमाले जागा किती लागते!” आणि माझ्याकडे पाहून डोळा मिचकावायचे.

सुशीचा हात मोडला तेव्हा दीड महिना ते रोज सकाळी ओट्यावर बसून तिची वेणी घालायचे, गल्लीच्या देखत. वेणी वाकडी यायची. सुशी ती तशीच बाजारात मिरवायची. गल्लीतले पुरुष हसले की हे म्हणायचे, “हसून काय राह्यले, शिकून घ्या.” बायकोला जीव न लावणारा माणूस! त्यांचं घर आमच्या समोरच; मी खिडकीतून पाहायची आणि खिडकी लावून घ्यायची.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. छातीनं नाही, ती शेवटपर्यंत ठणठणीत होती. पुण्यानुमोदनाची जेवणं आटोपल्यावर मी सुशीजवळ बसले. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, “चाळीस वर्षं सुखाची झाली गं तुमची.”

तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, “हौ वहिनी, चाळीस झाले. एकेचाळीस झाले असते. ते एक वर्ष तुह्याजवळून वापस मांगावं वाटते, पण तू तरी कुठून आणशील?”