लेकीला दिलेला वेळ

लोकांना त्यांचा कालचा दिवस विचारत फिरणं, हे माझं काम. काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत, दर अर्ध्या तासाला काय केलंत, कुठं केलंत, सोबत कोण होतं. माणसांचा वेळ कशात जातो याचा हा सरकारी सर्व्हे, आणि मी त्यातली कंत्राटी बाई. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. आईबापांनी मुलांना किती वेळ दिला, हेही त्यात मोजायचं असतं. तो भाग आला की माझा आवाज उगाच कडक व्हायचा, कारण घरी तोच प्रश्न माझ्या छातीवर बसलेला होता.

आम्ही केडगावला राहतो. नवरा एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. मुलीला तेव्हा नुकतीच सहा वर्षं पूर्ण झाली होती आणि त्याच्या मनात तिला जूनपासून पुण्याला, त्याच्या बहिणीकडे ठेवून तिथल्या शाळेत घालायचं होतं. "तुला वेळ आहे कुठं तिच्यासाठी?" आमटीत मीठ कमी पडलंय म्हणावं इतक्या सहज तो हे म्हणायचा. त्याला वेळ आहे का, हे मात्र कुणीच विचारत नव्हतं. सासूबाई गावाहून फोन करायच्या, त्यासुद्धा मलाच विचारायच्या, "पोरीकडं बघतं कोण?" मुलगी माझ्याजवळ राहणार की जाणार, एवढाच विषय त्या उन्हाळ्यात आमच्या घरात होता.

अशात एकदा खर्ड्याला ड्युटी लागली. एका घरी नवराच खुर्ची ओढून पुढं बसला. "तिला काय इचारता? घरीच तर असती. लिव्हा, सैपाक." मी म्हटलं, ज्याचं त्यानंच सांगायचं, असा नियम आहे. मग ती आली, पदराला हात पुसत.

"सकाळी सहाला काय करत होतात?"

"भाकरी थापत हुते."

"आणि बाळ?"

"झोळीत. दोरी पायाला बांधली हुती, थापता थापता हालवीत हुते."

"म्हणजे बाळाला म्हणून वेगळा वेळ किती दिलात?"

ती हसायलाच लागली. "लेकराला न्यारा येळ कशाला लागतोय, ताई? ते हायेच की संगं."

टॅबमध्ये एका वेळी दोन कामं टाकता येतात, पण त्यातलं मुख्य कोणतं हे सांगावंच लागतं. मी भाकरी मुख्य केली आणि झोळीची दोरी दुसऱ्या नंबरावर टाकली. मुख्य कामच नजरेत भरतं, दुसऱ्याला विचारतं कोण? परतीच्या एसटीत मला तिचाच राग येत होता, की एवढं करून बाईला स्वतःचं सांगता येत नाही. काय शहाणी होते मी!

घरी पोचेपर्यंत माझं ठरलं होतं. आपणही मोजायचं. आमच्या तिघांचा एक दिवस कागदावर मांडायचा, सर्व्हेच्याच नियमानं, आणि नवऱ्यापुढं ठेवायचा. दिवसही मी बघूनच निवडला, खोटं कशाला बोलू. भिंगारला काम होतं तो दिवस धरला, कारण भिंगार जवळ, त्या दिवशी मी पाचलाच घरी आले होते.

भिंगारच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला समोर बसवलं. आधी माझा कागद. सकाळी अर्धा तास तिची अंघोळ आणि वेण्या. साडेपाच ते साडेसहा अभ्यास. आठ ते नऊ जेवण भरवणं आणि गोष्ट. झाले अडीच तास. मग त्याचा. सकाळी गाडीवरून तिला रिक्षाच्या कोपऱ्यापर्यंत सोडलं, दहा मिनिटं.

"आणि संध्याकाळी?" तो म्हणाला. "तासभर माझ्या शेजारी बसली होती की ती."

"तुम्ही मॅच बघत होता."

"पण ती शेजारी होती ना?"

"मॅच बघणं म्हणजे मॅच बघणं. मुख्य काम तेच. बाकीचं धरत नाहीत."

त्यानं कागद माझ्याकडे परत सरकवला. मला आतून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तिथंच कागद मिटले असते तर मुलगी आज माझ्याजवळ असती. पण सहा वर्षांवरच्या प्रत्येकाला स्वतंत्र विचारायचं, हाही नियम होता, आणि मला नियमानं जिंकायचं होतं. मी तिला हाक मारली. तिला मोठ्या माणसांसारखी मुलाखत द्यायची म्हणून कोण आनंद. पाय दुमडून, पाठ ताठ करून बसली.

"सकाळी अंघोळ झाल्यावर काय केलंस?"

"वेणी घातली."

"कुणी घातली?"

"मम्मीनी. मम्मी फोनवर बोलत होती. कुणाला तरी पत्ता विचारत होती. एक वेणी सैल झाली."

"शाळेतून आल्यावर?"

"शेजारच्या काकूंकडे. काकूंनी शेंगदाण्याचा लाडू दिला."

"मग साडेपाचला मम्मीनं अभ्यास घेतला ना?"

"मी केला. मम्मी टॅबमध्ये लिहीत होती. वजाबाकी येत नव्हती, मग मी काकूंना विचारून आले."

नवरा मान खाली घालून ऐकत होता. मी थांबायला हवं होतं. पण मी पुढचा प्रश्न विचारला, सवयीनं.

"आणि जेवताना गोष्ट कुणी सांगितली?"

"मोबाईलनी," ती म्हणाली. "मम्मी पोळ्या करत होती."

तिनं तक्रार केली नव्हती. उलट सगळं बरोबर आठवलं म्हणून ती खूष होती, आणि संपलं का, आणखी विचार, म्हणून मागं लागली होती. नवरा उठला. जिंकल्यासारखा हसला असता तर मला भांडता तरी आलं असतं. "तूच सांगितलंस ना, बाकीचं धरत नाहीत म्हणून," एवढंच बोलला आणि बाहेर जाऊन बहिणीला फोन लावला.

मला संताप आला तो आजही गेलेला नाही. त्याच्या कागदावर दहा मिनिटं होती, तरी बाप म्हणून त्याला कुणी काढून टाकलं नाही. माझा कागद मात्र एकेक ओळ खोडून तपासला गेला, आणि खोडायला शिकवलं होतं मीच. त्या रात्री मला खर्ड्याची ती बाई आठवली आणि माझीच मला लाज वाटली. तिच्या पायाची दोरी मीच कापली होती. माझी कापली गेली तेव्हा रडायला लागले.

जूनमध्ये मुलगी पुण्याला गेली. नणंद चांगली आहे, मुलीचं वजन वाढलंय, शाळा मोठी आहे. हे सगळं मी लोकांना सांगते आणि त्यात खोटं काही नाही. घरी पोळ्या आता लवकर होतात. नवरा मॅच बघतो.

रोज साडेसातला मी व्हिडिओ कॉल करते. टॅब पिशवीत, गॅस बंद. ती वही कॅमेऱ्यापुढं धरते, मी एकेक ओळ तपासते, पाढे म्हणून घेते, कोण मैत्रीण कुणाशी बोलत नाही ते ऐकते. आत्या जेवायला बोलावेपर्यंत अर्धा तास होतो. ती घरात होती तेव्हा असा अर्धा तास मी तिला एकदाही दिला नव्हता. हे कळायला तिला एवढं लांब जावं लागलं, याची मला भयंकर चीड आहे, स्वतःची आणि त्याचीही.

मागच्या महिन्यात आमच्या साहेबांकडे शंका विचारायला सगळ्या जमलो होतो. माझा नंबर आल्यावर मी विचारलं, "सर, एक बाई आहे. तिची मुलगी दुसऱ्या गावाला नातेवाइकांकडे असते. बाई रोज अर्धा तास फोनवर तिचा अभ्यास घेते. मुलांच्या संगोपनात धरायचं ना?"

"मुलगी त्या घरात राहत नाही?"

"नाही."

"मग नाही धरायचं. गप्पा म्हणून टाका." ते पुढचीकडे वळता वळता थांबले. "त्या वेळी ती बाई दुसरं काही करते का? स्वयंपाक वगैरे?"

"नाही सर," मी म्हटलं. "त्या वेळी ती दुसरं काहीच करत नाही."