बुडीतातला हत्ती

धरणात पाणी साठायला वर्षं लागतात, किस्से मात्र पहिल्या दिवसापासून साठतात! आमचं काम तसं सरळ होतं. रत्नागिरीच्या आतल्या अंगाला एक छोटं धरण होणार, तर बुडणाऱ्या जागेत जुनं काय आहे ते शोधून रिपोर्ट द्यायचा. नदीकडे उतरणाऱ्या कातळावर आम्हाला सापडला खोदलेला हत्ती. चांगला बैलगाडीएवढा!

*

धरणाचे इंजिनिअर म्हणाले, "मॅडम, मी स्वतः जाऊन आलो. तिथं काही नाही."

"कधी गेला होतात?"

"दुपारी बाराला."

अहो, त्या रेघा उथळ. सकाळच्या तिरप्या उन्हातच दिसतात, ऊन डोक्यावर आलं की नुसता कातळ. हे सगळं समजावून सांगितलं, तर म्हणतात कसे, "म्हणजे ऑफिस टाइममध्ये नाहीच ना!"

*

वाडीच्या वेशीवर एक वीरगळ आहे, लढाईत पडलेल्या कुणाची तरी दगडात कोरलेली आठवण. एके दिवशी बघते तर त्यावर ऑइलपेंटची तांबडी आडवी रेघ! पाणी कुठवर येणार त्याची खूण म्हणे.

मी इंजिनिअरवर भडकले. "दुसरा दगड नाही मिळाला?"

"इतका सरळ उभा कुठे मिळतोय? आणि टेन्शन नका घेऊ मॅडम, पाणी त्याच्या छातीपर्यंतच येतंय!"

संताप संताप झाला नुसता.

*

वाडीतले गोपाळदादा रोज कातळावर येऊन बसायचे. उभा जन्म चिरेखाणीत गेलेला. त्यांचं घरही बुडणार होतं.

"बाय, आमच्या घराचा काय लिवलाव?"

"दादा, आमचा रिपोर्ट फक्त जुन्या गोष्टींचा."

"माज्या आज्यानं बांधलान ता. ता जुना न्हाय?"

"त्याहून खूप जुनं लागतं, दादा."

दादा उठून घरी गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं.

*

पुष्कळ भांडल्यावर वरून आदेश आला, हत्तीचं संरक्षण करा. लगेच टेम्पोतून बोर्ड आला, 'या शिल्पाजवळ खोदकाम करणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल.'

"मग धरण?"

"ते होणारच, मॅडम."

"म्हणजे हा बोर्ड पाण्याखाली?"

"काळजी नको," इंजिनिअर म्हणाले. "वॉटरप्रूफ आहे!"

हसू नका. मी त्या दिवशी जेवले नाही.

*

शेवटच्या सकाळी फोटो काढायला गेलो, इंजिनिअरही सोबत. हत्तीच्या शेजारी, बरोबर त्या बोर्डाखाली, कातळात ताज्या रेघा! कौलारू घर, पुढे पडवी, दारात माड. लाल भुगा अजून तसाच पडलेला. बाजूला गोपाळदादा, मांडीवर छिन्नी.

"बघा, मॅडम!" इंजिनिअर ओरडले. "केस करा याच्यावर!"

दादांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "बाय, हत्ती लिवलाव ना? आता माजा घर लिवा."

मी पिशवीतून मोजपट्टी काढली, त्या घराच्या उंबऱ्याला लावून ठेवली आणि कॅमेरा उघडला.

"दादा, जरा सरका. तुमची सावली पडतेय घरावर."