साखर पैलवानाची, नाव नानांचं

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या घरात थोडे दिवस एकाच नावाचे दोन काका होते. त्यातला एक खरा होता आणि एक दांडगा.

मी हैदराबादेत एका हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटतो. शाळा आठवीत सुटली. (मी सोडली की तिनं मला सोडलं, ह्यावर घरात दोन मतं आहेत.) त्यामुळं हातात पेन असलेला माणूस समोर आला की माझ्या घशाला कोरड पडते. पण आमचं गाव परभणीजवळच्या पिंगळीपासून आत, आडवाटेला. तिथं मी म्हणजे हैदराबाद पाहिलेला माणूस! मला जगातलं सगळं कळतं अशी घरच्यांची ठाम समजूत. मला हैदराबादेतला मेसपासून खोलीपर्यंतचा रस्ता कळतो, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा घरात एकच विषय होता. माझं लग्न. वय वाढत चाललेलं, डोक्यावरचे केस कमी होत चाललेले आणि मुली तर दिसेनाशाच झालेल्या. अशात सोनपेठकडचं एक स्थळ निघालं. मध्यस्थ फोनवर हळू आवाजात म्हणाला, "पाहुने गुपचूप येतेन. वळख देनार न्हाईत. घर कसं, मानसं कशी, काय रोगराई हाय का, समदं बघतेन. इथं चुकलात तर पुन्हा माझ्याकडं येऊ नका."

मी रजा टाकून गावी आलो. दोनच दिवस झाले असतील, आमच्या दारात पांढरी जीप थांबली!

जीपमधून एक मॅडम उतरल्या. म्हणाल्या, "आम्ही कुटुंबांच्या तब्येतीचा अभ्यास करतोय. गावातून काही घरं निवडली, त्यात तुमचं नाव निघालं. संध्याकाळी सगळे घरी असाल तेव्हा येते. मग दरवर्षी येत राहू. पुढची पंधरा वर्षं."

जीप वळली आणि आमची बैठक बसली.

"तब्येतीचा आब्यास!" माय म्हणाली. "आमच्या तब्येतीत आब्यास करन्यासारखं काय हाय? हे सोनपेठवालेच हायेत."

"पन पंदरा वर्सं कामून येतेन?" आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, शंका आली.

"सोयरे न्हाई का येत? एकदा पोरगी दिली की वर्साला येतच राहतेत!"

ह्यावर आबांनी तंबाखू मळायला घेतली. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी घसा साफ केला. "माय बरोबर बोलायलीय. हैदराबादेत असली लय मानसं बघितलीत मी. हे सगळं नाटक असतं." (असला एकच माणूस मी पाहिला होता. तो गॅसची नळी तपासायला आला होता आणि त्यानं खरंच नळी तपासली.)

आता अडचण होती नानांची. नाना म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, ज्ञानोबा. एकटा जीव. अंगानं तुरीची काटकी, तोंडात बिडी, आणि खोकला असा की पिंगळीच्या स्टेशनावर उभ्या असलेल्या माणसाला गाडी आल्यासारखं वाटावं.

"नानाला बघून कोन पोरगी देईल?" माय म्हणाली.

आणि मला कल्पना सुचली. माझ्या आयुष्यातल्या ज्या कल्पना मी परत घेऊ इच्छितो, त्यात हिचा नंबर पहिला.

शेजारी बापूराव पैलवान राहायचे. छाती दाराएवढी, मानेला सुरुवातही नाही आणि शेवटही नाही. त्यांनाच नाना करायचं! बापूराव अर्धा किलो जिलेबीवर तयार झाले, पण जिलेबी आधी पाहिजे म्हणाले. खरे नाना घोंगडी घेऊन आखाड्यावर गेले. (आमच्याकडं शेतातल्या गोठ्याच्या जागेला आखाडा म्हणतात. म्हणजे काका आखाड्यात आणि पैलवान घरात!) त्यांना फक्त एवढंच सांगितलं, "पाहुने येनारेत, इकडं फिरकू नका." बिचारे "बरं" म्हणाले. नाना कशालाही "बरं"च म्हणतात.

संध्याकाळी मॅडम आल्या. पोहे झाले, चहा झाला. मग त्यांनी पेन काढलं. माझ्या घशाला कोरड.

"घरात तंबाखू कोण खातं?"

"कुनीच न्हाई," माय म्हणाली. आबांनी जोरात मान हलवली. बोलता येत नव्हतं, तोंडात तंबाखू होती. मॅडमनी त्यांच्याकडं पाहिलं तशी त्यांनी ती गिळली. पुढं बराच वेळ त्यांना उचक्या लागत होत्या.

"तुमचे सासरे कशानं वारले?"

"कशानंच न्हाई!" माय म्हणाली.

"म्हणजे?"

"आसंच. बसल्या बसल्या. तब्येत लय चांगली होती त्यांची."

मॅडमनी लिहिता लिहिता हात थांबवला. मग माझ्याकडं वळल्या. "तुमचं लग्न झालंय?"

मायनं मला कोपरानं ढोसलं. बघ! म्हटलं नव्हतं?

"न्हाई!" आम्ही सगळे एका सुरात ओरडलो. पैलवानसुद्धा.

"काही त्रास?"

"कायच न्हाई," मी म्हणालो. छातीत पित्त नुसतं उकळत होतं.

"झोप?"

"एकदम शांत." तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता.

मग मॅडमनी छोटं मशीन काढलं. बोटाला सुई टोचून साखर बघायची होती. आमचा हुकमाचा पत्ता पुढं सरसावला. बापूरावांनी मांडीवर थाप मारली आणि बोट असं पुढं केलं, जणू कुस्तीत समोरच्याचा पट काढायचाय. मॅडमनी मशीन पाहिलं. त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी दुसरं बोट टोचलं. भुवया आणखी वर गेल्या.

"काका, साखर खूपच वाढलीय तुमची. आणि पायाच्या अंगठ्याला चिंधी कसली?"

"ठेस लागली. बरी होईना म्हून बांधून ठेवली," बापूराव म्हणाले.

"मॅडम, ते आत्ताच जिलेबी खाऊन..." मी सांभाळायला गेलो.

"जिलेबीनं एवढी वाढत नसते. ह्यांना उद्या पूर्णेच्या आरोग्य शिबिरात घेऊन या. नक्की."

जीप गेली. मायनं कपाळावर हात मारला. "मेल्या, आख्ख्या गावात तुला हाच घावला का? खरा नाना काय वाईट होता?"

आता माघार कशी घेणार? दुसऱ्या दिवशी नानांचं आधार कार्ड घेऊन मी बापूरावांना पॅसेंजरनं पूर्णेला नेलं. (त्या कार्डावरच्या फोटोत कुणीही कुणीही वाटतं.) डॉक्टरांनी तपासलं, पाय धुऊन नवी पट्टी केली, गोळ्या दिल्या. पाकिटावर मोठ्या अक्षरात नाव : ज्ञानोबा. येताना गाडीत बापूरावांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"हे नाव कुनाचं हाय?"

"नानांचं."

"मंग साखर कुनाची?"

"...तुमची."

"आसं कसं? नाव ज्ञानोबाचं तर साखर बी ज्ञानोबाची. मला काय धाड भरलीय? घे तुझ्या गोळ्या." आणि पाकीट माझ्या मांडीवर फेकून त्यांनी पिंगळी येईपर्यंत डोळे मिटले.

मी रोज त्यांच्या दारात जायचो. "बापूकाका, एक गोळी."

"माझ्या नावाची आन, लगेच खातो."

मी ते पाकीट देवाच्या कोनाड्यात ठेवून दिलं आणि काळजी करत बसलो. काळजी हे काम मला पोळ्यांपेक्षा चांगलं जमतं.

इकडं नाना आखाड्यावरून परत आले होते. त्यांनी देवाला हात जोडले आणि कोनाड्यात आपलं नाव वाचलं. नानांसाठी त्यांच्या उभ्या जन्मात कुणी औषध आणलं नव्हतं. खोकला आला की, "बिडी सोडा," एवढंच सगळे म्हणायचे. त्यांना वाटलं, पुतण्यानं आपल्याला न सांगता गोळ्या आणल्या, देवापाशी ठेवल्या. त्यांचे डोळे भरून आले असणार. ते कुणाला काही न बोलता सकाळ-संध्याकाळ नेमानं गोळ्या घ्यायला लागले.

एके दिवशी नाना पारावर बसल्या बसल्या घामानं डबडबले. हातपाय थरथरायला लागले. आम्ही त्यांना उचलून घरी आणलं, बाजेवर टाकलं. "काय खाल्लंत? काय झालं?"

"कायच न्हाई," नाना क्षीण आवाजात म्हणाले. "तू आनलेल्या गोळ्या तेवढ्या घ्यायलोय. लय उपकार झाले बग लेकरा."

मी कोनाड्यातलं पाकीट पाहिलं, अर्धं रिकामं! साखर नसलेल्या माणसाला साखर उतरवायच्या गोळ्या! मी मायला ओरडून सांगितलं, मायनं धावत जाऊन गूळ आणला आणि भराभर त्यांच्या तोंडात कोंबला. आणि नेमकी त्याच वेळी जीप दारात! मॅडम पायाची पट्टी बघायला आल्या होत्या.

"ज्ञानोबा काका कुठं आहेत?"

आबांनी शेताकडं बोट केलं, मायनं शेजारी, मी वर आभाळाकडं.

"मीच," बाजेवरून गुळानं भरलेल्या तोंडानं नाना म्हणाले.

तेवढ्यात बापूरावांची बायको, कौसाकाकू, नवऱ्याला दंडाला धरून ओढत आत आली. "मॅडम, आधी ह्याच्याकडं बघा! पाय काळा पडायलाय, वास मारायलाय. आन ह्याला ज्ञानोबा कुनी केलं, त्याच्याकडं मी मागून बघते!"

मॅडमनी एकदा बाजेकडं पाहिलं, एकदा दाराकडं. मग माझ्याकडं.

"मॅडम," मला रडू फुटायच्या बेतात होतं, "तुमी सोनपेठच्या न्हाई का?"

"मी? मी नाशिकची. का?"

मग मायनंच सगळं सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. निदान तेव्हा तरी. आधी नानांची साखर मोजली, गूळ बरोबर दिलात म्हणाल्या. मग दोन्ही ज्ञानोबांना जीपमध्ये घातलं आणि परभणीच्या दवाखान्यात नेलं. नाना दुसऱ्या दिवशी खोकत घरी आले. बापूराव बरेच दिवस राहिले. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर पाय काढावा लागला असता. आज बापूराव दोन्ही पायांवर चालतात, बिनसाखरेचा चहा पितात आणि तो पिताना माझ्या नावानं खडे फोडतात. मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी आम्हाला अभ्यासातून हाकललंही नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी खरं सांगा. सगळं."

आम्ही सगळ्यांनी देवापुढं शपथ घेतली.

माझी रजा संपायच्या आदल्या दिवशी दोन माणसं दारात आली. पांढरे कपडे, टोप्या. पाणी मागितलं. बसता बसता एकानं विचारलं, "घरात किती मानसं? तब्येती-बिब्येती कशा हायेत समद्यांच्या?"

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. मॅडमचे साहेब! आणि मग आमच्या घरातून खऱ्याचा जो पूर सुटला!

आबांनी आ वासून दातांवरची तंबाखू दाखवली. नानांनी न सांगता खोकून दाखवलं. माय म्हणाली, "सासरे दारू पिऊन हिरीत पडले. आन त्यांचे भाऊ बी त्याच हिरीत." मी तर सुटलोच. पित्त, झोप, केस, मुळव्याध, पेन दिसलं की घशाला पडणारी कोरड, काही म्हणून ठेवलं नाही. "मागच्या टायमाला आमी खोटा काका दाखवला होता," हेही सांगून टाकलं. दोघं पाण्याचा पेला हातात तसाच धरून ऐकत होते. शेवटी मी अदबीनं विचारलं, "साहेब, लघवी आत्ताच देऊ का उद्या सकाळची पाहिजे?"

थोरल्यानं पेला खाली ठेवला.

"आमी सोनपेठहून आलाव," तो म्हणाला.

मी आता हैदराबादेतच असतो. अभ्यास मात्र चालू आहे. दरवर्षी मॅडम घरी जाऊन येतात आणि माझ्यासाठी फोन करतात. वजन, पित्त, झोप, सगळं विचारतात. बापूरावांची साखर खालीवर होते, आबांचं बीपी खालीवर होतं, नानांचा खोकला ऋतूप्रमाणं बदलतो. शेवटचा प्रश्न विचारायच्या आधी मॅडम थोडं थांबतात. मग मीच म्हणतो, "लिहा मॅडम, लग्न : नाही." इतक्या वर्षांच्या अभ्यासात आमच्या घरातली एवढी एकच गोष्ट एकदम स्थिर निघालीय!