तसंच्या तसं

बाप सुतार. घरात त्याला सगळे तोफखाना म्हणायचे, आणि त्या तोफेच्या तोंडी लहानपणापासून उभी राहिली ती त्याची धाकटी लेक. परक्या देशात येऊन राहिले खरे, पण तिथली भाषा बापाला काही केल्या येईना. मग घरमालक असो की दवाखाना, पोरीलाच पुढे करायचं. बाप गरजायचा, "सांग त्या लबाडाला, छत गळतंय!" आणि पोर गोड आवाजात सांगायची, "बाबा म्हणतात, जमलं तर छताचं बघाल का?"

ह्याच सवयीनं घात केला. मोठेपणी कोर्टातल्या दुभाषीच्या परीक्षेत ती चक्क नापास झाली. परीक्षेतला साक्षीदार अडखळला, चिडला, वाट्टेल ते बोलला. हिनं सगळं धुऊन, इस्त्री करून पुढे ठेवलं. परीक्षक बाई म्हणाल्या, "दोन्ही भाषा उत्तम. पण तुम्ही लोकांना सावरून घेता. माणूस जसा बोलला तसंच बोलायचं. तो 'मी' म्हणाला की तुम्हीही 'मी'. स्वतःचं काही सांगायचं असेल, तर 'दुभाषी म्हणते' म्हणायचं."

मग काय, रेडिओवरचं भांडण असो की भाजीवाल्याची घासाघीस, ही शब्दाला शब्द पुटपुटत बसायची. घरच्यांना नुसता वैताग! पण पुढच्या खेपेला पास झाली पठ्ठी.

पहिल्या खटल्याला तोफखाना कडक शर्ट घालून मागच्या बाकावर हजर. आरोपी होती एक घरकाम करणारी बाई, मालकिणीची अंगठी चोरल्याचा आळ. दोषी ठरली तर पुन्हा कुणी दारात उभं करणार नव्हतं. वकील दुभाषीकडे बघूनच विचारत होते, "हिला विचारा, खोलीत कधी गेली?" न्यायाधीश मान खाली घालून लिहीत होते. शेवटी बाईचा संयम सुटला आणि ती आपल्या भाषेत कडाडली.

'आरोपीची नम्र विनंती आहे' हे शब्द दुभाषीच्या अगदी जिभेवर आले होते. न्यायाधीश साहेब भडकले तर बाईचं काही खरं नव्हतं, आणि हिचंही. पण शपथ घेतली होती ना! तिनं बाईच्याच चढ्या आवाजात सांगितलं, "आळ माझ्यावर आहे ना? मग ह्या पोरीशी काय बोलत बसलाय? माझ्याकडे बघायची लाज वाटते का?"

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच बाईकडे पाहिलं. "बरोबर आहे तुमचं. बोला, मी ऐकतोय."

बाई बोलली. अंगठी गेली त्या दिवशी मालकिणीनंच तिला सकाळपासून बहिणीच्या घरी कामाला पाठवलं होतं. समोर बसलेल्या मालकिणीला साहेबांनी विचारलं, तर तिला नाही म्हणता येईना. संध्याकाळपर्यंत बाई निर्दोष सुटली.

बाहेर पायऱ्यांवर बाप डोळे पुसत उभा होता. "तिचं काही गाळलं नाहीस ना?"

"एक शब्द नाही."

"मग मीच तुझं काय घोडं मारलं होतं गं?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी तोंडाला येईल ते बोलायचो आणि घरमालक हसून हात मिळवायचा. मी काय दूधखुळा आहे? लहान होतीस, म्हणून गप्प बसलो." मग त्यानं शर्टाची कॉलर ताठ केली. "पण आता माझी लेक कोर्टाची दुभाषी आहे! चल घरमालकाकडे. छत अजून गळतंय."

तिनं पदर खोचावा तशी ओढणी खोचली. "दुभाषी म्हणते, चला."